दोन्ही रॅम चांगल्या, तरी पीसी बंद

पीसीत ८ जीबीची रॅम होती, शेजारी आणखी ८ जीबीची बसवली. दोन दिवस गडी सुसाट पळाला. तिसऱ्या दिवशी फोटो एडिट करताना निळी स्क्रीन. संध्याकाळी ब्राउझर आपोआप बंद पडला, आणि रात्री तर काहीच उघडलेलं नसताना पीसी स्वतःहून रीस्टार्ट झाला. दुकानदाराचा फोनवरचा सल्ला ठरलेला: "विंडोज परत टाकून बघा." टाकलं. अर्धा रविवार त्यात गेला. इन्स्टॉल होतानाच एकदा फाइल करप्ट असल्याची एरर आली होती. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

बिघाड सॉफ्टवेअरचा असेल तर तो बहुधा ठरावीक जागी येतो. तोच गेम, तीच फाइल, निळ्या स्क्रीनवर तोच कोड. रॅम चुकत असेल तर पडणारा प्रोग्राम दर वेळी निराळा, कारण चुकलेल्या जागी त्या क्षणी कोणाचा डेटा होता यावर सगळं ठरतं. तिथे फोटोचा एखादा ठिपका असेल तर रंग किंचित बदलतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. विंडोजच्या गाभ्यातलं काही असेल तर सगळंच कोसळतं.

रॅमची मूळ रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६८ च्या पेटंटची. एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की १, नसला की ०. हा कपॅसिटर म्हणजे गळकी घागर. म्हणून डीडीआर४ या प्रकारच्या रॅममध्ये प्रत्येक घागर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. ८ जीबीत अशा सुमारे ६,८७० कोटी घागरी! उष्णतेने गळती वाढते, त्यामुळे चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की भरण्याचा वेग दुप्पट करावा लागतो. सकाळी शहाण्यासारखा वागणारा पीसी तासभर गेम खेळल्यावर बिथरतो, त्यामागे कधी कधी हेही असतं.

मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घेतला. पीसी बंद, वायर काढलेली, एकच रॅम स्लॉटमध्ये, दोन्ही टोकं 'कट्ट' वाजेपर्यंत दाबून. रात्रभर टेस्ट: शून्य एरर. दुसऱ्या रात्री दुसरी रॅम: शून्य. दोन्ही एकत्र बसवल्या आणि वीस मिनिटांत एररच्या लाल ओळी.

गोची होती वेगात. डीडीआर४ चं प्रमाण व्होल्टेज १.२ आहे. पण बऱ्याच रॅमना बॉक्सवरचा ३२०० हा वेगाचा आकडा गाठायला बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी ही वाढीव वेगाची तयार सेटिंग चालू करावी लागते, आणि त्यात अनेकदा १.३५ व्होल्ट द्यावे लागतात. म्हणजे हे सरळसरळ ओव्हरक्लॉकिंगच, प्रमाण वेगापेक्षा जास्त पळवणं. ३२०० च्या वेगाने एक बिट तारेवर फक्त ०.३१ नॅनोसेकंद असतो. तेवढ्यात प्रकाश जेमतेम नऊ सेंटिमीटर जातो, आणि मदरबोर्डच्या तारांतला सिग्नल त्याच्या साधारण निम्मा. इतक्या अरुंद फटीतून प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला दोन्ही रॅमचे सिग्नल अचूक वाचायचे असतात. जोडीने विकला जाणारा किट एकत्र तपासलेला असतो. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन रॅमचं तसं नाही. मॉडेल नंबर एकच असला तरी आतल्या चिप निराळ्या निघू शकतात.

एक्सएमपी बंद केलं, एरर गायब. मग २९३३ वर आणून पुन्हा रात्रभर टेस्ट केली, तीही पास. ३२०० शी तुलना केली तर मला रोजच्या कामात फरक जाणवलेला नाही.

दर वेळी दोष रॅमचाच असतो असं नाही. नवं ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर निळी स्क्रीनही न येता पीसी फटकन बंद होत असेल, तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे बघावं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक त्यालाच आरोपी समजतात. पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती नोंद सांगते.

मला महागात पडले असते ते रॅम चुकत असतानाचे मधले चार दिवस. त्या दिवसांत कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी केलेला एक फोटो नंतर उघडला, तर त्याचा खालचा अर्धा भाग नुसता करडा. कॉपी करताना कसलीच एरर आली नव्हती. नशिबाने कार्ड फॉरमॅट करायचं राहून गेलं होतं.