बजरीगरांचा थवा आणि गेकोच्या पिल्लांचा ढीग

ज्यांनी बजरीगर पाळले आहेत, त्यांना थव्याविषयी काही नव्याने सांगण्याचे कारण नाही. एकटा पक्षी मलूल होतो, जोडीने ठेवले की एकमेकांची पिसे साफ करतात, चोचीतून भरवतात आणि रात्री एकाच दांडीवर खेटून बसतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. गोंधळ सुरू होतो तो हाच अनुभव लेपर्ड गेकोच्या, म्हणजे पाळल्या जाणाऱ्या ठिपकेदार पालीच्या, पिल्लांना लावला जातो तेव्हा. ‘एकटे उदास होईल, दोन घेऊन जा’ असे सांगणारा विक्रेता या गोंधळात भरच घालतो, कारण त्याला दोन पिल्ले विकायची असतात.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरमध्ये रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत काचपेटीत एकावर एक चढून निजलेल्या तीन-चार पिल्लांची छायाचित्रे ‘किती माया आहे बघा’ अशा कौतुकासह फिरू लागतात. त्या ढिगात माया नसते. बहुतेक पेट्यांत हीट मॅट, म्हणजे तळाला ऊब देणारी विजेची चटई, एकच असते व तिच्यावर लपायची जागाही एकच. गेकोला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही, आणि पोटाखालची जमीन साधारण ३१ ते ३३ अंश तापलेली असेल तरच त्याने खाल्लेले नीट पचते. म्हणजे तळहाताएवढ्या उबदार जागेवर सगळ्यांचा डोळा असतो आणि ती वाटून घेण्याची सोय नसते. छायाचित्र जरा निरखून पाहिले, तर एखाद्याच पिल्लाचे पोट मॅटवर सपाट टेकलेले दिसते; बाकीची त्याच्या पाठीवर किंवा कडेला थंड काचेला लागून असतात.

खरी सोबत आणि ही चढाओढ यांतला फरक घरी तपासता येतो. पेटीच्या दुसऱ्या टोकाला तितकीच तापणारी दुसरी मॅट थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारे उपकरण) लावून बसवावी, तिच्यावर तशीच लपायची जागा ठेवावी आणि काही दिवस नुसते पाहावे. पिंजऱ्यात दुसरी दांडी लावली, तरी बजरीगर पहिल्या दांडीवर शेजारी शेजारीच बसतात. गेकोची पिल्ले मात्र सहसा पांगतात. पांगली नाहीत, तरी लगेच हुरळून जाऊ नये, कारण एखादे दांडगे पिल्लू दोन्ही जागा आळीपाळीने अडवते आणि दुबळे पिल्लू मधल्या थंड पट्ट्यात राहते.

‘आमची पिल्ले भांडत नाहीत’ हे वाक्य ऐकले की मला विशेष चीड येते. भांडण न होताही एक पिल्लू दुसऱ्याला उपाशी ठेवू शकते. मोठे आधी खाते, लहान हळूहळू बाहेर येईनासे होते, आणि मालकाला वाटी रिकामी दिसते म्हणून दोघेही जेवली असे वाटते. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो, त्यामुळे एकाची शेपटी गुबगुबीत आणि दुसऱ्याची काडीसारखी होत असेल, तर निकाल तिथेच लागतो. त्याआधी कळायला हवे असेल, तर स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला दोघांचे वेगवेगळे वजन करावे. त्यातच पेटीत खाऊ म्हणून रातकिडे सोडल्यावर हलेल त्याच्यावर झडप घालण्याच्या भरात भावंडाचे बोट किंवा शेपूट तोंडात येते. तुटलेली शेपटी पुन्हा येते खरी, पण ती आखूड, फुगीर आणि निराळ्या पोताची असते.

जंगलात ही जनावरे कधी कधी एकाच दगडाखाली सापडतात, हा युक्तिवाद ठरलेलाच असतो. तिथे नको असेल त्याला दुसरा दगड शोधायला मोकळीक असते. काचेच्या पेटीत ती नसते. शिवाय आई अंडी घालून निघून जाते, पिल्लांना कोणी सांभाळत नाही, त्यामुळे घरट्यातल्या भावंडांसारखे नाते इथे मुळातच नाही. या गेकोचा एक जवळचा भाऊबंद आपल्या सातपुड्यातही आढळतो व त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद २०१४ मध्ये झाली. भटकंतीत तसा प्राणी दिसला, तर तो ‘सोबतीला’ उचलून आणण्याचा विचारही मनात आणू नये.

नर-मादीचा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. मला तो दुय्यम वाटतो. अंडी उबवण्याच्या तापमानावर लिंग ठरते, लहानपणी ते खात्रीने ओळखता येत नाही, आणि वयात आलेले दोन नर एकत्र राहत नाहीत, एवढे माहीत असले की पुरे.

मी पिल्ले पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवण्याच्या ठाम मताची आहे. प्रत्येकाला हवेसाठी भोके पाडलेला, बुटांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा, एका टोकाला ऊब, कात नीट निघावी म्हणून ओलसर लपायची जागा, पाण्याची उथळ वाटी आणि तळाला वाळूऐवजी टिश्यू पेपर, एवढ्यावर भागते. टिश्यू पेपरवर विष्ठा स्पष्ट दिसते, आणि ती पातळ किंवा दुर्गंधीयुक्त असेल तर ती कोणाची, हे त्या एकट्याच्या डब्यात लगेच कळते. सामाईक पेटीत ते कळेपर्यंत विष्ठेतून पसरणारे जंत आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी बाकीच्यांच्या पोटात गेलेले असू शकतात.