पडद्यावरील शैलीयुक्त मजकूर

पडद्यावरील शैलीयुक्त मजकूर : संगणकाच्या स्मृतीत सांकेतांकांच्या रूपात साठवलेला मजकूर ठरावीक फॉन्ट, आकार, जाडी, तिरकेपणा, रंग, अधोरेखन इ. गुणांसह पडद्यावरील पिक्सेलांत उतरवण्याची प्रक्रिया. ग्राफिक्स लायब्ररी (चित्रे काढण्याच्या तयार फंक्शनांचा संच) वापरणाऱ्या प्रोग्रामरला मजकूर हा रेषा किंवा आयतासारखाच आणखी एक आकार वाटतो. फंक्शनला स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) द्यावी, दोन सहनिर्देशक द्यावेत, अक्षरे उमटतात. प्रत्यक्षात या एका फंक्शनच्या पोटात चार निरनिराळी कामे असतात. आधी मजकुराचे शैली, लिपी व दिशा यांनुसार तुकडे पडतात. या तुकड्याला ‘रन’ म्हणतात. प्रत्येक रनमधील सांकेतांकांवरून फॉन्टमधील नेमक्या आकृत्या, म्हणजे ग्लिफ, निवडून त्यांच्या जागा ठरवल्या जातात, हे शेपिंग. त्यानंतर ग्लिफच्या वक्ररेषांचे पिक्सेलांत रूपांतर, म्हणजे रास्टरायझेशन, होते. शेवटी ते पिक्सेल पार्श्वभूमीत मिसळले जातात. कोणती लायब्ररी यांपैकी किती कामे स्वतः करते आणि किती वापरणाऱ्यावर सोडते, यावरच तिची मजकुराबाबतची खरी योग्यता ठरते.

खालच्या पातळीवरील लायब्रऱ्या मजकुराला हातच लावत नाहीत. ओपनजीएल (१९९२) मध्ये अक्षर काढण्याचे एकही फंक्शन नाही. सोबतीला वापरल्या जाणाऱ्या ग्लट या साहाय्यक लायब्ररीत बिटमॅप व रेषात्मक अशी दोन प्रकारची तयार अक्षरे होती आणि ती प्रात्यक्षिकांपुरती पुरत. ओपनसीव्ही या प्रतिमा-प्रक्रियेच्या लायब्ररीतील मजकूर लिहिणारे परिचित फंक्शन ॲलन हर्शी यांनी १९६७ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या रेषात्मक अक्षरांवर चालत आले आहे. त्याला देवनागरी स्ट्रिंग दिली की चित्रावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. कैरो या द्विमितीय लायब्ररीत फॉन्टचे नाव, तिरकेपणा व जाडी निवडून मजकूर दाखवण्याची सोपी फंक्शने आहेत. पण तिच्या अधिकृत दस्तऐवजातच त्यांना ‘टॉय’ म्हणजे खेळण्यातली म्हटले आहे आणि गंभीर कामासाठी पँगोसारखी वेगळी लायब्ररी वापरण्याचा सल्ला दिला आहे. एवढा प्रामाणिकपणा या क्षेत्रात विरळाच.

एसडीएल-टीटीएफ ही खेळांच्या प्रोग्रामिंगमध्ये रुळलेली लायब्ररी मजकुराची प्रतिमा मुख्यतः तीन दर्जांत बनवून देते : कडा गुळगुळीत न करता, ठोस रंगाच्या चौकटीवर गुळगुळीत, आणि पारदर्शक पार्श्वभूमीवर गुळगुळीत. पहिली सर्वांत जलद, तिसरी सर्वांत देखणी. ही प्रतिमा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजली जाते. कैरोत मात्र दिलेला बिंदू अक्षरांच्या आधाररेषेवर, म्हणजे बेसलाइनवर, असतो. एकीकडून दुसरीकडे आलेला प्रोग्रामर शून्य-शून्य या बिंदूवर मजकूर काढतो आणि पडद्याच्या वरच्या कडेला फक्त आधाररेषेखाली लोंबणारे उकार दिसतात. आकाराच्या एककातही असाच घोळ होतो. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. त्यामुळे १२ पॉइंटचा मजकूर ९६ डीपीआयच्या (इंचामागे ९६ बिंदूंच्या) पडद्यावर १६ पिक्सेलांचा होतो, पण काही लायब्रऱ्या दिलेला आकडा थेट पिक्सेल समजतात. शिवाय हा आकडा अक्षराची उंची नसून ईएम या कल्पित चौकटीची उंची असते. ओळीची उंची काढायची तर फॉन्टच्या फाइलमध्ये आधाररेषेवरील व खालील मापांचे तीन संच असू शकतात आणि ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. एकच फॉन्ट दोन प्रणालींत वेगवेगळ्या ओळ-अंतराने दिसतो, याचे कारण बहुधा हेच असते.

शैली : जाड व तिरपी अक्षरे दोन मार्गांनी मिळतात. फॉन्टकुलात स्वतंत्र रेखाटलेला जाड फॉन्ट असेल तर तो घ्यावा, हे उत्तम. ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपात जाडी आकड्याने सांगतात; साधारण फॉन्ट ४००, जाड ७००. अडोबी, ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर केलेल्या व्हेरिएबल फॉन्टमुळे या दोहोंमधली कोणतीही जाडी एकाच फाइलमधून काढता येते. तसा फॉन्ट नसेल तर लायब्ररी कृत्रिम जाडी आणते, म्हणजे बाह्यरेषा चहूबाजूंनी फुगवते. फ्रीटाइप या फॉन्टचे रास्टरायझेशन करणाऱ्या मुक्त लायब्ररीच्या अनेक आवृत्त्यांत ही वाढ ईएमच्या २४ व्या भागाइतकी धरलेली आहे. कृत्रिम तिरकेपणासाठी ग्लिफ सुमारे १२ अंशांनी कलवला जातो. लॅटिन लिपीत हे कसेबसे खपते. देवनागरीत मात्र फुगवलेल्या अक्षरांच्या मधल्या पोकळ्या बुजतात. ‘थ’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या गाठी लहान आकारात काळ्या ठिपक्यांसारख्या दिसू लागतात.

शिरोरेखेमुळे आणखी काही अडचणी येतात, त्या संदर्भग्रंथांत फारशा नोंदलेल्या दिसत नाहीत. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत शेजारच्या ग्लिफांच्या शिरोरेखा किंचित एकमेकींवर चढवलेल्या असतात, म्हणजे सांध्यात फट दिसत नाही. मजकूर अर्धपारदर्शक रंगात काढला आणि लायब्ररी प्रत्येक ग्लिफ स्वतंत्रपणे मिसळत असली, तर या चढलेल्या जागी रंग दोनदा बसतो आणि शिरोरेखेवर प्रत्येक सांध्याला गडद डाग उमटतो. अक्षरांना वेगळ्या रंगाची किनार दिली तर ती दोन अक्षरांच्या मधून शिरोरेखेला चिरत जाते. पहिल्यावर उपाय म्हणजे सगळा शब्द आधी अपारदर्शक स्वरूपात वेगळ्या थरावर काढून मग तो थर एकदम पारदर्शक करणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे सर्व ग्लिफांच्या किनारी आधी काढून त्यांवर सर्वांचे भराव टाकणे. अक्षरांतील अंतर वाढवण्याची सोय देवनागरीत वापरूच नये, कारण तिने शिरोरेखा तुटते.

शेपिंग : सांकेतांक व ग्लिफ यांच्यात एकास एक नाते नसते. ‘कि’ मध्ये क आधी साठवलेला असतो, पण वेलांटी आधी काढावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. जोडाक्षरात कधी अर्धे रूप लागते, कधी संपूर्ण नवी आकृती. हे नियम ओपनटाइप फॉन्टमधील तक्त्यांत असतात आणि ते लागू करणारे शेपिंग इंजिन वेगळे असते. आज मुक्त प्रणालींत हे काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ करते. त्याची मूळ संहिता फ्रीटाइप प्रकल्पातली. ती पुढे पँगो व क्यूटी या लायब्रऱ्यांत स्वतंत्रपणे वाढली आणि नंतर बेहदाद एस्फहबोद यांनी तिचे नव्याने लेखन केले. १.० ही आवृत्ती २०१५ ची.

मराठीची कसोटी म्हणून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी पाहावी. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र. दुसरे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते : ०९३१ या सांकेतांकाचा ऱ व हलन्त चिन्ह, किंवा साधा र, हलन्त चिन्ह आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह. दोन्हींचे चित्र एकच यायला हवे. शेपिंग नसलेल्या लायब्ररीत पाय मोडलेला र आणि शेजारी सुटा य दिसतो. याहून सूक्ष्म गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. या दोन अक्षरांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही असतात. पण मजकुराची भाषा मराठी आहे हे लायब्ररीला कळवल्याशिवाय मराठी वळण मिळत नाही. म्हणजे भाषा हाही शैलीचाच एक गुण झाला, आणि सोप्या फंक्शनांत तो द्यायला जागाच नसते.

शैलीची सीमा जोडाक्षराच्या आत पडली तर काय करावे, यावर एकमत नाही. फॉन्ट बदलला की रन तुटते आणि जोडाक्षर फुटते, हे अपरिहार्य. केवळ रंग बदलल्यावरही जोडाक्षर फुटावे का? पँगोत रंगासारखे गुण शेपिंगनंतर लागू करण्याची व्यवस्था आहे आणि हीच पद्धत अधिक ग्राह्य वाटते. खेळांमध्ये संवाद एकेक अक्षराने उमटवण्याची लकब आहे, तिथे हाच प्रश्न उघडा पडतो. एकेक सांकेतांक वाढवत गेल्यास ‘स्त्री’ हा शब्द स, स्, स्त, स्त्, स्त्र, स्त्री अशा सहा पायऱ्यांनी येतो. मधे दोनदा पाय मोडलेले अक्षर झळकून जाते. सांकेतांकांऐवजी वाचकाला एक वाटणाऱ्या अक्षरगटानुसार पुढे जाणे हा त्यावरचा मार्ग. देवनागरी जोडाक्षर एकच गट मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत (२०२३) आला. त्याआधीच्या नियमांवर बेतलेल्या लायब्रऱ्या अजून वापरात आहेत.

गुळगुळीत कडा व उपपिक्सेल पद्धतीचा वाद : कडेच्या पिक्सेलाचा जेवढा भाग अक्षराने व्यापला असेल तेवढी करडी छटा देण्याची कल्पना १९७० च्या दशकात एमआयटीच्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपमध्ये वापरात आली असावी. तिची व्यवस्थित मांडणी जॉन वॉर्नॉक यांच्या १९८० च्या निबंधात मिळते. पुढे दोनच वर्षांनी वॉर्नॉक अडोबीचे सहसंस्थापक झाले.

उपपिक्सेल पद्धतीचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. एलसीडी पडद्यावरील एक पिक्सेल लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा बनतो. प्रत्येक पट्टी स्वतंत्र बिंदू मानली तर आडवी सूक्ष्मता तिपटीपर्यंत वाढते. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९८ मध्ये क्लिअरटाइप या नावाने हे तंत्र जाहीर केले. त्यावर प्रोग्रामर स्टीव्ह गिब्सन यांनी आक्षेप घेतला की ॲपल-२ या संगणकात (१९७७) हेच होते. त्या यंत्रात आडवे २८० बिंदू असत. बाइटमधील एक बिट वापरून सात बिंदूंचा गट अर्ध्या बिंदूने सरकवता येई, त्यामुळे प्रत्यक्षात ५६० स्थाने मिळत. ॲपल-२ चे रचनाकार स्टीव्ह वोझनिॲक यांना १९७९ मध्ये मिळालेले पेटंट या यंत्राच्या रंगीत चित्रनिर्मितीसंबंधी आहे.

हा दावा तपासून घ्यायला हवा. ॲपल-२ मधील रंग हा एनटीएससी या दूरचित्रवाणी संकेताच्या कलेतून (फेजमधून) उपजत असे. चित्रनलिकेवर कोणती पट्टी कुठे आहे याची प्रोग्रामला माहिती नसे आणि ती असण्याचे कारणही नव्हते. रंग व स्थान यांची सांगड दोन्हीकडे आहे, पण कारणे भिन्न आहेत. पडद्यावरील पट्ट्यांची रचना जाणून प्रतिमा काढण्याचे तत्त्व आयबीएमच्या, १९८८ मध्ये अर्ज केलेल्या व १९९४ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात अधिक स्पष्ट दिसते. मायक्रोसॉफ्टचा वाटा तिसऱ्याच ठिकाणी आहे. पट्ट्या स्वतंत्र पेटवल्या की अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येते. ती आटोक्यात ठेवण्यासाठी प्रत्येक पट्टीचे मूल्य शेजारच्या पट्ट्यांत थोडेथोडे वाटावे लागते. या गाळणीचे गणित जॉन प्लॅट व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. तत्त्वाचे श्रेय आयबीएमकडे आणि वाचनीय मजकुराचे मायक्रोसॉफ्टकडे, अशी विभागणी उपलब्ध पुराव्याशी जास्त जुळते.

पेटंटांचा परिणाम लायब्रऱ्यांच्या संहितेवर उमटला. ट्रूटाइप फॉन्टमधील सूचना (ग्लिफ पिक्सेलांच्या जाळीवर नीट बसवणाऱ्या) चालवण्याच्या पद्धतीवर ॲपलची पेटंटे होती. म्हणून फ्रीटाइपने स्वयंचलित सूचना ठरवणारा पर्याय विकसित केला आणि मूळ पद्धत २०१० मध्ये पेटंटे संपल्यावरच सर्वांसाठी खुली केली. क्लिअरटाइपला वळसा घालण्यासाठी फ्रीटाइपमध्ये २०१७ मध्ये हार्मनी ही पद्धत आली. तिच्यात तिन्ही रंगांसाठी ग्लिफ पिक्सेलाच्या तिसऱ्या हिश्श्याने सरकवून तीनदा मोजला जातो.

तोवर या तंत्राची गरजच ओसरू लागली होती. फोन फिरवला की पट्ट्या आडव्या होतात; ओलेड पडद्यांत त्यांची रचना वेगळी असते; दाट पिक्सेलांच्या पडद्यावर फरक जाणवत नाही. ॲपलने मॅकओएस १०.१४ (२०१८) मध्ये ही पद्धत पूर्वनियोजित मांडणीतून काढली. ग्राफिक्स लायब्रऱ्यांपुढे आणखी एक अडचण होती : तीन रंगांना तीन वेगळी व्याप्ती लागते, तर पारदर्शक प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलामागे अल्फाचे, म्हणजे पारदर्शकतेचे, एकच मूल्य असते. त्यामुळे आधी प्रतिमा बनवून ती नंतर कुठेही चिकटवणाऱ्या लायब्ररीत उपपिक्सेल मजकूर नीट बसत नाही.

मिश्रण करताना गॅमाकडे, म्हणजे साठवलेले मूल्य व पडद्यावरचा प्रकाश सरळ प्रमाणात नसतात याकडे, दुर्लक्ष झाल्यास तोच फॉन्ट पांढऱ्यावर काळा असताना एका जाडीचा व काळ्यावर पांढरा असताना दुसऱ्या जाडीचा वाटतो. प्रकाशाच्या सरळ प्रमाणात मिश्रण करणे शास्त्रशुद्ध आहे. पण मग काळी अक्षरे बारीक वाटतात. म्हणून अनेक प्रणाली मधला आकडा धरतात.

जीपीयूवरील (ग्राफिक्स प्रोसेसरवरील) पद्धती : लागणारे ग्लिफ एका मोठ्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे जीपीयूच्या स्मृतीतील चित्रात, मांडून प्रत्येक अक्षरासाठी त्यातला चौकोन चिकटवणे, ही रूढ पद्धत. मोठे करताच ही अक्षरे धूसर होतात. २००७ मध्ये व्हॉल्व्ह या खेळ-कंपनीच्या ख्रिस ग्रीन यांनी पिक्सेलात छटेऐवजी कडेपासूनचे चिन्हांकित अंतर साठवण्याची युक्ती सिग्राफ परिषदेत मांडली. अंतर हाताशी असल्याने किनार, सावली व झळाळी शेडरच्या (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) दोन-चार ओळींत निघते, म्हणून खेळांत ती झपाट्याने पसरली. तीक्ष्ण कोपरे गोलसर होतात, हा तिचा दोष. तो घालवण्यासाठी व्हिक्टर क्लुम्स्की यांनी २०१५ च्या सुमारास तीन रंगवाहिन्यांत वेगवेगळी अंतरे साठवली. टेक्स्चर टाळून वक्ररेषा थेट जीपीयूवर सोडवण्याचा विचार चार्ल्स लूप व जिम ब्लिन यांच्या २००५ च्या निबंधात आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टात ग्लिफांची संख्या बरीच वाढते, म्हणून सर्व ग्लिफ आधीच भरून ठेवण्यापेक्षा शेपिंगनंतर लागतील तसे टेक्स्चरमध्ये टाकणे सोयीचे पडते.