निळ्या ड्रॅगनचा डंख नेमका कुणाचा?

जेमतेम ३ सेंटीमीटरचा जीव. वरून गर्द निळा, खालून चंदेरी, दोन्ही अंगांना फाकलेल्या बोटांसारखे अवयव. ‘निळा ड्रॅगन’ म्हणून ज्याचे फोटो फिरतात तो हाच, ग्लॉकस अटलांटिकस. खरं तर ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय. हवेचा बुडबुडा गिळून पोटात धरते आणि खुल्या समुद्रावर उलटी तरंगते. म्हणजे आपल्याला निळी दिसते ती तिची पाठ नव्हे, पोटाची बाजू! वरून पक्ष्याला ती निळ्या पाण्यात दिसत नाही, खालून माशाला चकाकत्या पृष्ठभागात दिसत नाही.

तिचं शास्त्रीय नाव १७७७ सालचं. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या निसर्गअभ्यासक फॉर्स्टर पितापुत्रांच्या कामातून ते आलं. ग्लॉकस हा ग्रीक कथांमधला, कोळ्याचा समुद्रदेव झालेला.

पण खरी गोष्ट आहे ती तिच्या डंखाची. तिच्या जवळच्या नात्यातल्या गोगलगायींच्या अंगावरच्या बोटांच्या टोकांना दंशपेशींच्या सूक्ष्म कुप्या असतात, हे १९व्या शतकातच दिसलं होतं. त्या गोगलगायीच्या स्वतःच्याच, असं अनेकांना वाटे. १९०३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्रॉसव्हेनर यांनी या कुप्या भक्ष्याकडून आलेल्या असतात, हे पुराव्यानिशी मांडलं. भक्ष्य खाताना न फुटलेल्या कुप्या पचनमार्गाच्या फाट्यांतून थेट बोटांच्या टोकांपर्यंत पोचतात आणि तिथल्या पिशव्यांत साठवल्या जातात. चोरीचं हत्यार, तेही जिवंत.

ग्लॉकसचं आवडतं भक्ष्य म्हणजे ब्लू बॉटल. पावसाळ्यात जुहू, गिरगावच्या वाळूवर निळसर फुगे येऊन पडतात आणि अनवाणी चालणाऱ्यांना चटका देतात, त्याच कुळातलं. त्याला सर्रास जेलीफिश म्हणतात, पण तो एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत असते.

ऑस्ट्रेलियात पोर्ट स्टीफन्सजवळ पोहणाऱ्यांना डंख झाले, तेव्हा शोध ग्लॉकसपर्यंत पोचला. टी. ई. थॉम्पसन आणि इझोबेल बेनेट या सागरी जीवांच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये दाखवलं की कुप्या ब्लू बॉटलच्याच. बेनेट या सिडनीच्या. विज्ञानाचं रीतसर शिक्षण न घेता, किनारे पायी तुडवत त्या समुद्रजीव शिकल्या. मला या सगळ्या इतिहासात त्याच सर्वांत जवळच्या वाटतात. किनाऱ्यावर मरून पडलेल्या ग्लॉकसच्या कुप्याही फुटू शकतात. सुंदर दिसते म्हणून तळहातावर घेऊन व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं.

२०१४ मध्ये जनुकीय तपासणीतून ग्लॉकसच्या तीन नव्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या. त्यांतल्या दोघींची नावं आहेत ग्लॉकस थॉम्पसनी आणि ग्लॉकस बेनेटी.