जुनाट दुखणं आणि सुटलेला व्यायाम
(आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांसाठी)

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. एवढ्या काळात लचक, ताण बहुतेक वेळा भरून आलेले असतात. तरी कंबर दुखते, कारण मज्जासंस्था हळवी होऊन साध्या वाकण्यालाही धोका समजू लागते. दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नव्हेत. पण दुखतंय म्हणजे आत काही तुटतंय, असंही दर वेळी नसतं. गुडघ्याच्या संधिवातात सांध्यात बदल असतात, तरी तिथेही चालणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणं हाच मुख्य उपचार.

व्यायामाचा कागद बहुतेकांच्या घरी असतोच. "दोन दिवस केला, जास्तच दुखलं, सोडला." याला आम्ही आळस म्हणत नाही. त्या कागदावर तुमच्या मनातलं काहीच नव्हतं. म्हणून आधी विचारतो, दुखणं थोडं हटलं तर काय करायचंय? गणपतीत आरतीला शेवटपर्यंत उभं राहायचंय, की विळीवर बसून नारळ खवायचाय? पाखाडी चढून देवळात जायचं असेल, तर व्यायाम पडवीच्या पायरीपासून सुरू होतो.

मग विचारतो, जमेल याची खात्री 0 ते 10 मध्ये किती? कुणी 4 म्हटलं, तर "2 का नाही?" असं विचारतो. उत्तर देता देता माणूस स्वतःच सांगतो की सकाळी गोठ्यात जाणं अजून सुटलेलं नाही. ते त्याच्या तोंडून आलं की आमच्या उपदेशाची गरज उरत नाही. अशा संवादाची पद्धत विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी घडवली, तीही मुळात दारू सोडवण्याच्या कामातून.

भातलावणीत मात्र हमखास घोळ होतो. अंग हलकं वाटलं की अख्खा कुणगा एका दमात लावायचा, आणि मग चार दिवस अंथरूण. काम दुखेपर्यंत नको, घड्याळावर करा. वाकून 20 मिनिटांनी कंबर धरत असेल, तर 15 मिनिटांनी थांबा, बांधावरून थोडं चाला, मग पुन्हा वाका. चांगल्या दिवशीही तेवढंच. वाढवायचं ते आठवड्याने, दोन-तीन मिनिटांनी. घरच्यांनीही "तुम्ही बसा, मी करते" म्हणण्याआधी थोडं थांबावं.

कंबरेचे पट्टे आम्ही विकत नाही. जुनाट कंबरदुखीत पट्टा किंवा वजन लावून कंबर ओढणं (ट्रॅक्शन) नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे.

पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालय गाठा. ताप असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या भेटीला जुने एक्स-रे आणि चालू गोळ्या घेऊन या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. घरातलं एखादं माणूस सोबत आलं तर फारच बरं.