सिगारचा शौक: पान, पारख आणि ठेवण

सिगार म्हणजे तंबाखूच्याच पानात गुंडाळलेली तंबाखू. सिगरेटला कागद लागतो, विडीला तेंदूचं पान लागतं, सिगार मात्र आतून बाहेरपर्यंत तंबाखूच्या पानाचीच, आणि त्या पानाची जात, मुरवण, वय आणि ओलावा यातच सगळं आलं. जुन्या मराठीत चिरूट म्हणायचे, हा शब्द मूळ तमिळमधल्या सुरुट्टुचा, तोच पुढं इंग्रजीतही गेला. शौक म्हणून ओढणारा माणूस दिवसाला पाकीट संपवणाऱ्यांतला नसतो, आठवड्याला एक, कुणी महिन्याला एक, बाकी वेळ निवडण्यात आणि डबा सांभाळण्यात जातो. सोलापुरात असे लोक थोडेच आहेत, पण पान हाताळायची समज या गावाला आहे आणि ती सिगारला जशीच्या तशी लागू पडते, म्हणून ही नोंद सोलापूरच्या अंगानं लिहिलीय.

सोलापूर जसं चादरीचं तसं विडीचं गाव. पूर्वभागात, अशोक चौक, दत्त नगर, कन्ना चौक या बाजूला आणि तिकडं विडी घरकुल वसाहतीपर्यंत, तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या बायका पिढ्यानपिढ्या विड्या वळत आल्यात. तेंदूचं पान भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं म्हणजे कडक होत नाही, मग साचा ठेवून कात्रीनं कापायचं, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा, असं दिवसाला हजार विड्यांच्या हिशोबानं. केंद्राचा १९६६ चा कामगार कायदा तर विडी आणि सिगार कामगार असा दोघांचा मिळूनच होता. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, कामगार नेते आडम मास्तरांनी त्यासाठी लढा दिला आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन घरं देऊन गेले. सिगारबद्दल बोलताना वळणाऱ्या हातांचं नाव आधी घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, क्युबात असो नाहीतर इथं.

पान

सिगारचे तीन भाग. आत भरलेली पानं म्हणजे फिलर, त्यांना बांधून धरणारं पान म्हणजे बाइंडर आणि सगळ्यात वर दिसणारं तुकतुकीत पान म्हणजे रॅपर. फिलरमध्येही झाडावरच्या जागेनुसार फरक असतो. खालची पानं वोलादो, ती पटकन पेटतात, मधली सेको, त्यांना वास चांगला, आणि वरची उन्हात तापलेली जाड पानं लिहेरो, ती कडक आणि सावकाश जळणारी, म्हणून वळताना लिहेरो बरोबर मधोमध ठेवतात. कडेला सरकली तर सिगार एका बाजूनं जळत जाते आणि कितीही महागाची असली तरी मजा जाते.

पान तोडून सुकवल्यावर त्याच्या मोठ्या थप्प्या रचतात, पिलोन म्हणतात त्याला. ओल्या कडब्याची गंजी आतून कशी गरम होते, हात घातला तर चटका बसतो, तसंच इथं होतं, त्या उबेनं पानातला अमोनिया बाहेर पडतो आणि चव गोड होत जाते. थप्पी मधूनमधून मोडून परत रचायची, नाहीतर आतलं पान करपतं. हे काम घाईत उरकलेलं असेल तर सिगारला गोठ्यासारखा उग्र वास येतो, नाकाजवळ धरली की लगेच कळतं.

रॅपरच्या रंगाबद्दल मात्र खूप गैरसमज आहे. फिकट क्लारो, तांबूस कोलोरादो, गडद मादुरो, जवळजवळ काळी ओस्कुरो, ही नावं रंगाची आहेत, कडकपणाची नाहीत. काळीभोर मादुरो पुष्कळदा गोडसर आणि मऊ लागते, आणि फिकट रॅपरच्या आत लिहेरो जास्त असेल तर रिकाम्या पोटी ओढणाऱ्याचं डोकं गरगरतं.

कुठली

क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतातला वुएल्ता अबाहो हा पट्टा सगळ्यात नावाजलेला. १९५९ ची क्रांती झाली, १९६० मध्ये कारखाने सरकारनं ताब्यात घेतले, बरीच जुनी घराणी बाहेर पडली आणि बी आणि कसब घेऊन डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इकडं गेली. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घातली, त्यांचे प्रेस सेक्रेटरी पिअर सॅलिंजर यांनी नंतर सांगितलं की सही करायच्या आदल्या रात्री केनेडींनी त्यांना हजारेक क्युबन सिगार गोळा करायला पाठवलं होतं. आज निकाराग्वाच्या एस्तेलीचा माल क्युबाच्या तोडीस तोड आहे, आणि नवख्यानं क्युबनच पाहिजे म्हणून हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नकली मालही सगळ्यात जास्त क्युबनच्याच नावानं विकला जातो. काचेचं झाकण असलेली क्युबन पेटी कुणी स्वस्तात दाखवली तर सरळ उठून यावं, तशा पेट्या असली नसतात.

भारतात तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलचे चिरूट जुने आणि नावाजलेले, गोदावरीतल्या, लंका म्हणतात त्या बेटांवरची तंबाखूही प्रसिद्ध. पूर्वभागातल्या म्हाताऱ्या माणसांना चिरूटासाठीचा चुट्टा हा तेलुगू शब्द अजून माहीत आहे.

निवडायची कशी

आधी माप. लांबी इंचात आणि जाडी रिंग गेजमध्ये, म्हणजे इंचाच्या ६४ व्या भागात. ५० रिंग म्हणजे ५०/६४ इंच, जवळपास २० मिलिमीटर. रोबुस्तो ५ इंच बाय ५०, कोरोना ४२ रिंगची साडेपाच इंचाच्या जरा वर, चर्चिल ७ इंच बाय ४७. रोबुस्तोला पाऊण तास ते तास लागतो, चर्चिलला दीड तास धरा. नवीन माणसानं छोटी कोरोना किंवा रोबुस्तो घ्यावी, हातानं वळलेली आणि अख्ख्या पानाची, ज्याला लाँग फिलर म्हणतात. मशीनवर भरलेल्या स्वस्त सिगारमध्ये चुरा असतो, तो गरम जळतो आणि जिभेला झोंबतो.

मग बोटं. हे मी पुस्तकातून नाही शिकलो, आमच्या गल्लीतल्या एका अव्वाकडून शिकलो, चाळीस वर्षं विड्या वळलेली बाई. एकदा पुण्याहून आणलेल्या चार सिगार तिच्या हातात दिल्या, सहज, बघ म्हणून. तिनं ओढण्याचा विषयच काढला नाही, अंगठा आणि दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हळूहळू फिरवत नेली, डोळे दुसरीकडंच, आणि तिसऱ्या सिगारला मध्ये थांबली. म्हणाली, "हितं दाबून बघ की, गाठ हाय. हिला वारं लागत नाही." संध्याकाळी ओढली तर खरंच तिथपर्यंत येऊन अडकली, कितीही ओढलं तरी धूर येईना. चौथीत तिला एका जागी पोकळ लागलं होतं, तीही तिथं आली की भरभर जळली आणि कडू झाली. तेव्हापासून दुकानात मी आधी नाव बघत नाही, आधी बोटं फिरवतो. हलक्या हातानं दाबल्यावर किंचित दबून परत वर यायला पाहिजे, भाकरीचं पीठ नीट मळलं की येतं तसं. चुरचुर आवाज आला तर वाळलीय, बोट रुतलं तर जास्त ओली झालीय. रॅपरवर जाड शिरा नकोत, थोडा तेलकटपणा पाहिजे. अर्थात दुकानदाराला विचारून हात लावायचा, आणि चुरगाळायचं नाही.

वास पेटवायच्या आधी घ्यायचा. परदेशी लोक लिहितात त्या चवी वाचून बिचकायचं कारण नाही, आपल्याकडं त्याला शब्द आहेत. वाळलेला कडबा, भाजलेल्या शेंगा, पहिल्या पावसानंतरची काळी माती, जुनं चामडं, काळी मिरी, गूळ जरा जास्त कढला की येतो तो वास. बाजूला वही ठेवून दोन ओळी लिहून ठेवल्या की पाचसहा महिन्यांत आपल्याला काय आवडतं ते आपोआप कळतं.

सोलापूरचा उन्हाळा आणि डबा

खरी परीक्षा इथं. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान लागतं, आणि सोलापुरात एप्रिल मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो आणि हवा अशी कोरडी की ओली चादर तासाभरात वाळते. माझ्या पहिल्या पाच सिगार मी कपाटात तशाच ठेवल्या होत्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यात उघडून बघतो तर रॅपर पापडासारखे तडकलेले, हात लावला की कपचे निघत होते. एकदा पानातलं तेल उडालं की नंतर कितीही ओलावा दिला तरी चव परत येत नाही. फ्रिजमध्ये नुसती ठेवणं तर अजून वाईट, फ्रिजची हवा कोरडी असते आणि सिगार शेजारच्या लसणाचा वास धरून बसते.

ठेवायच्या पेटीला ह्युमिडोर म्हणतात. आतून स्पॅनिश सीडरचं लाकूड असतं, नावात सीडर असलं तरी झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं, त्याच्या वासानं सिगार सुधारते. पण आपल्या हवेत लाकडी पेटी सतत कोरडी पडते, म्हणून माझा सल्ला साधा आहे, रबराची रिंग असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, साबणानं धुवून आठवडाभर उघडा ठेवून वास घालवा, आत सीडरच्या एकदोन पट्ट्या, आर्द्रता धरून ठेवणारी पुडी मिळते ती ६५ ची, आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, दोनचार थेंब पाणी टाकून ओलं करा, विरघळू द्यायचं नाही, मग बूच आणि मीटर दोन्ही एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवला तर तो पाचनं कमी दाखवतो एवढं लक्षात ठेवलं की झालं.

दुसरी भीती किड्याची. ज्वारीत सोंडे होतात तसा तंबाखूचा बारीक तपकिरी किडा असतो, अंडी पानातच असतात आणि तापमान २५ च्या वर राहिलं की जागी होतात, मग रॅपरला सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. म्हणून नवीन आणलेल्या सिगार बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर रॅपर फाटतो. डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवावा, आमच्याकडं तो जुन्या वाड्याच्या मधल्या खोलीतल्या फडताळात आहे, तिथं मेमध्येही बाहेरच्यापेक्षा बराच गारवा असतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लोक वाइनसाठी वापरतात तसला छोटा कूलर घेतलेला बरा.

प्रवासातून आलेली सिगार लगेच ओढू नये, दोनतीन आठवडे डब्यात विसावू द्यावी.

ओढताना

टोपीकडचं, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक धारदार कटरनं जेमतेम दोन मिलिमीटर कापायचं, जास्त कापलं तर रॅपर उलगडत जातो. काडी किंवा गॅसचा लायटर, पेट्रोलचा नको, त्याचा वास चवीत उतरतो. ज्योत लांब धरून आधी टोक शेकायचं, मग पेटवायचं. मिनिटाला एक झुरका पुरे, धूर तोंडात फिरवून सोडून द्यायचा, छातीत ओढायचा नाही. शेवटी विझवायला चुरडायची नाही, ठेवून दिली की आपोआप विझते.

छातीत ओढत नाही म्हणून सिगार निर्धोक आहे असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. सिगारच्या धुरातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, आणि तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस या सगळ्यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आंध्रच्या किनारपट्टीवर काही भागात चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढायची रीत होती, तिथं टाळूचे कॅन्सर झालेले डॉक्टरांनी नोंदवलेत. ज्याला सवय नाही त्यानं सुरू करू नये, आणि घरात लहान मूल असेल तर घरात ओढूच नये. २००३ च्या कायद्यानं अठराच्या आतल्यांना विकायला बंदी आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी ओढायलाही देशभर मनाई लागू झाली. मी स्वतः महिन्याला एकीच्या वर जात नाही आणि दर सहा महिन्याला दातांच्या डॉक्टरकडून तोंड तपासून घेतो.

आपल्या गावात ओढायला सगळ्यात चांगला काळ जानेवारीचा. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा सुरू असते, रात्री स्वेटर लागतो, डब्यात कसलीही खटपट न करता मीटर ६५ च्या आसपास थांबतो आणि वर्षभर मुरलेल्या सिगारचं पान हाताला मऊ लागतं. मी प्रत्येक सिगारच्या नावाच्या कागदी पट्टीवर पेनानं आणल्याचा महिना लिहितो, आणि सगळ्यात जुनी असेल ती गड्ड्याच्या आठवड्यात गच्चीवर बसून ओढतो.