होहच्या जंगलात आई-बाबांना नेताना
(सिएटल परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"शनिवारी पहाटे निघून रात्रीपर्यंत होह करून येता येईल का?" पुण्या-नाशिकहून आई-बाबा आले की हा फोन आम्हाला हमखास येतो. येता येतं. पण ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातल्या होहच्या या पावसाळी जंगलात सिएटलहून गाडीने पोहोचायला साधारण चार तास लागतात. म्हणजे जाऊन-येऊन आठ तास बैठक आणि जंगलात जेमतेम दीड तास. पासष्टीच्या माणसांच्या कमरेवर हा अन्याय आहे. म्हणून या उद्यानाची सहल आम्ही किमान दोन मुक्कामांची आखतो, एका दिवसाची आखतच नाही. गाडी तुमची, मार्ग, मुक्काम आणि वेळापत्रक आमचं.

पाऊस

होहच्या खोऱ्यात वर्षाला १४० ते १७० इंच, म्हणजे साडेतीन ते सव्वाचार मीटर पाऊस पडतो. "आमच्या महाबळेश्वरात याहून जास्त पडतो" असं बाबा लगेच म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. फरक वेळापत्रकाचा आहे. इथला पाऊस हिवाळ्यातला. शरदात सुरू होतो आणि वसंतापर्यंत रेंगाळतो. आपले धो-धो पावसाचे जुलै-ऑगस्ट इथे सगळ्यात कोरडे असतात. तेव्हा समुद्रावरून येणारं धुकं झाडांना ओलं ठेवतं.

शाळेच्या भूगोलातलं पर्जन्यछायेचं चित्र आठवा. प्रशांत महासागरावरून आलेले ढग ऑलिम्पिक पर्वतरांगेला अडतात आणि पश्चिम उतारावर रिते होतात. याच रांगेतल्या ऑलिम्पस शिखरापासून सरळ रेषेत साठ किलोमीटरही नसलेल्या स्क्विम गावाला मात्र वर्षाला कसाबसा १६ इंच पाऊस मिळतो. अगदी महाबळेश्वर आणि दहिवडी! सिएटलहून बेनब्रिज बेटाची फेरीबोट घेऊन गेलात तर स्क्विम वाटेतच लागतं. तिथली कोरडी शेतं आधी पाहा, मग होह गाठा.

पाऊस लागेल म्हणून तारीख बदलायचा आग्रह धरू नका. भिजलेलं शेवाळ आतून दिवा लावल्यासारखं हिरवं दिसतं, कडक उन्हात तेच फिकट वाटतं. फक्त जीन्स आणि सुती कपडे टाळा, एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत. टोपीचा रेनकोट, लोकरी मोजे आणि पकड असलेले बूट पुरेत. आंबोलीसारख्या पायाला चिकटणाऱ्या जळवा इथे नाहीत, हे आईला आधीच सांगून ठेवा.

जंगलात काय पाहायचं

'हॉल ऑफ मॉसेस' ही पायवाट सव्वा किलोमीटरची. सुरुवातीला थोडा चढ आहे, पुढे सोपी. तरुण मंडळी ती पंचवीस मिनिटांत उरकतात आणि "एवढंच?" म्हणतात. आम्ही वेळापत्रकात तिला दीड तास देतो.

आडवे पडलेले ओंडके बघा. जमिनीवर नेचे आणि शेवाळ इतकं दाट असतं की स्प्रूस-हेमलॉक या सूचिपर्णी झाडांच्या बीला मातीपर्यंत पोहोचताच येत नाही. ते पडलेल्या झाडाच्या अंगावर रुजतं. रोपं मोठी होतात, मुळं ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. पुढे कित्येक दशकांनी ओंडका कुजून जातो आणि मागे उरते एका रेषेत उभी झाडांची रांग, बुंध्याखाली पोकळी घेऊन. कुणी मुद्दाम लावल्यासारखी. अशी रांग दिसली की तिच्याखाली कधीकाळी कोण आडवं पडलं होतं ते कळतं.

मग वर बघा. मोठ्या पानांच्या मेपलच्या फांद्यांवर शेवाळाच्या झालरी लोंबतात. त्या शेवाळाखाली वर्षानुवर्षं कुजलेल्या पाल्याची माती साचते, आणि मेपल आपल्याच फांद्यांतून त्या मातीत मुळं सोडतो! ही गोष्ट १९८१ साली जगापुढे मांडली वनशास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी. दोरांवरून झाडांच्या शेंड्यांत चढून त्यांनी ती याच जंगलात शोधली. आडनाव वाचून आई-बाबांची मान जरा ताठ होते, असा आमचा अनुभव आहे. वर लोंबणारं सगळंच शेवाळ नसतं, बरं का. काही दगडफूलाची भावंडं असतात, त्याच आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची. तोडायचं मात्र काही नाही.

इथे एल्क नावाची थोराड हरणं कळपाने फिरतात. त्यांच्या रक्षणासाठीच १९०९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा भाग राखीव केला, आणि १९३८ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. एल्कपासून ५० यार्ड, म्हणजे ४५ मीटर तरी दूर राहायचं. मे-जूनमध्ये पाडसं असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात. तेव्हा फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका.

आणि कृपा करून फोनवर गाणी लावू नका. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गॉर्डन हेम्प्टन यांनी २००५ मध्ये होह नदीच्या वाटेवर, पाच किलोमीटर आत, एका ओंडक्यावर छोटा लाल दगड ठेवला: ही एक चौरस इंच जागा शांत राहू द्या, म्हणून. तितकं आत जायची गरज नाही. वाटेत पाच मिनिटं गप्प उभं राहिलात तरी थेंबांचे वेगवेगळे आवाज मोजता येतात.

वेळ, रस्ता, डबा

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहानंतर वाहनतळ भरतो. मग एक गाडी बाहेर आली की एक आत, आणि प्रवेशद्वारापाशी दोन-दोन तास खोळंबा. म्हणून पहिला मुक्काम जवळच्या फोर्क्स गावाला. तिथून साडेसातला निघायचं. प्रवेश शुल्क खासगी गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतं. वर्षाचा पास असेल तर तो घरी विसरू नका.

होहला खानावळ नाही, पेट्रोल नाही, मोबाइलची रेंज नाही. नकाशे आदल्या रात्री उतरवून घ्या, टाकी फोर्क्सला भरा, आणि डबा बरोबर ठेवा. ठेपले आणि बटाट्याची सुकी भाजी हे आमचं ठरलेलं उत्तर.

आत जाणारा रस्ता एकच. डिसेंबर २०२४ मध्ये नदीने तो तोडला आणि मे २०२५ मध्येच पुन्हा उघडला. त्यामुळे हिवाळ्यातल्या सहलीची आदल्या दिवशी आम्ही खात्री करतो. रस्ता बंद असेल तर पर्याय क्विनॉल्टचं खोरं. पाऊस तोच, जंगल त्याच जातीचं, गर्दी कमी. खरं सांगायचं तर गुडघे दुखणाऱ्यांना आम्ही क्विनॉल्टच आधी सुचवतो. तिथला सिटका स्प्रूस, घेर जवळजवळ ५९ फूट, रस्त्यापासून थोड्याच पावलांवर आहे. दुसरा मुक्काम तसाही तिथेच असतो.

होह ते क्विनॉल्ट या वाटेवर रूबी बीच लागतो. समुद्राने आणून टाकलेले प्रचंड ओंडके किनाऱ्यावर पडलेले असतात. भरतीच्या लाटेत ते सहज उचलले जातात आणि माणसं चिरडली गेली आहेत. पाणी वर येत असताना त्यांच्यावर बसू नका, नातवंडांना चढू देऊ नका. ओहोटीची वेळ आम्ही तुमच्या कागदावर लिहून देतो.

नोंदणी करताना आई-बाबांचं वय, गुडघ्यांची अवस्था, गाडी लागते का, आणि इन्सुलिनसाठी खोलीत फ्रिज हवा का, एवढं कळवा. फेरीबोटीच्या रांगेत किती आधी लागायचं ते त्यावरून ठरवू.