दुसरे पेशवे म्हणजे दुसरे बाजीराव नव्हेत

नाशकात एकांकिकांच्या तालमी सुरू झाल्या की हा घोळ दरवर्षी कानावर येतो. भट घराण्यात गादीच्या क्रमाने दुसरे पेशवे म्हणजे थोरले बाजीराव. दुसरे बाजीराव हे त्यांचे नातू, रघुनाथरावांचे चिरंजीव आणि शेवटचे पेशवे. (लोक थोरल्यांना अहो-जाहो करतात आणि नातवाला अरे-तुरे. मला ते पटत नाही.) तसंच, बिठूरचे नानासाहेब हे नातवाचे दत्तकपुत्र, पानिपताच्या वेळचे नानासाहेब नव्हेत.

दोन्ही बाजीरावांनी पुण्यापासून लांब, नदीकाठी देह ठेवला, म्हणून दोन्ही शेवट एकात कालवले जातात. थोरले १७४० साली नर्मदेकाठी रावेरखेडीच्या छावणीत गेले, पेशवे म्हणूनच. नातू १८१८ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले आणि १८५१ पर्यंत गंगाकाठी, कानपूरजवळच्या बिठूरला जगले.

इथे खरी गफलत होते. बिठूर म्हणजे तुरुंग, असं धरून लिहिलं जातं. परवा तालमीला दुसरे बाजीराव करणारा आमचा मुख्य नट पिशवी घेऊन आला, "सर, बेड्या मिळाल्या, भाड्याने." मी म्हटलं, "अरे, यांना कुणी बांधलं होतं?" सालीना ८ लाखांचा तनखा, वाडा, पूजाअर्चा, लग्नं, मागोमाग आलेला गोतावळा, सगळं होतं. पेशवेपद मात्र सोडायचं आणि दक्षिणेत परत पाऊल टाकायचं नाही, ही अट होती. नजर ठेवायला कंपनीचा अधिकारी होताच. ही हद्दपारी. कोंडून ठेवणं निराळं.

कैद दाखवायचीच तर आपल्या नाशकातल्या आनंदवल्लीत दाखवा. १७८३ साली रघुनाथराव कोपरगावला वारले. पुढे नाना फडणविसांच्या हुकमाने आनंदीबाई आणि मुलं नजरकैदेत राहिली, काही काळ इथे गोदाकाठी. १७९४ साली आनंदीबाई आनंदवल्लीतच गेल्या आणि मुलांची रवानगी शिवनेरीवर झाली. बाजीराव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पहाऱ्यात वाढलेला हा माणूस म्हातारपणी अशा घरात राहतो, जिथे दाराला कडी नाही आणि तरी घरी जाता येत नाही. नटाने हे पेलायला हवं. बेड्या घातल्या की त्याचं काम सोपं होतं आणि भूमिका खोटी पडते.

बेड्या त्याच संध्याकाळी परत गेल्या. आता आमच्या नेपथ्यात वाड्याचं दार पहिल्या प्रवेशापासून सताड उघडं असतं. तो उंबऱ्यापर्यंत येतो, जोडे घालतो, थांबतो आणि काढून ठेवतो.